पडद्यावर राहिलेला पाचवा प्रश्न

आमच्या घरातली मागची खोली दर वर्षी आठ दिवस आतून बंद असायची. त्या आठ दिवसांत माझी बायको घरात असून नसल्यासारखी. जेवायला बाहेर यायची आणि मी काही विचारायच्या आत म्हणायची, "वह्या तपासतेय." आठ दिवस वह्या तपासणारी माणसं वह्यांचा एकही गठ्ठा आत नेत नाहीत, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. पण मी कधी बोललो नाही. बावीस वर्षं तिला वाटत राहिलं की मला काही माहीत नाही, आणि बावीस वर्षं मी तिचा तो समज जपला.

ती भौतिकशास्त्र शिकवायची. शाळेतली पोरं, गल्ली, दूधवाला, दातांचा डॉक्टर, सगळे तिला बाई म्हणतात. लग्नानंतर वर्षभरात मीही म्हणायला लागलो. फक्त एकेरीत, तेवढा तरी अधिकार नवऱ्याला असावा. तर ही बाई दर वर्षी शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा भौतिकशास्त्राचा पेपर काढायची. तीन शिक्षक तीन संच काढतात, परीक्षा मंडळ त्यातला एक चिठ्ठी टाकून उचलतं आणि उरलेले दोन नष्ट होतात. आपला निघाला की नाही, हे बाईलाही परीक्षेच्या दिवशी पोरांच्या हातातला कागद बघूनच कळायचं. त्या संध्याकाळी तिने माझ्या चहात न विचारता दोन चमचे साखर घातली, की मी समजायचो, या वर्षी आपला लागला.

ताकास तूर लागू न देणं म्हणजे काय, ते मी तिच्याकडून शिकलो. कच्चे कागद ती बादलीत भिजत घालायची, त्याचा लगदा व्हायचा, आणि तो लगदा ती स्वतः नेऊन टाकायची. एका वर्षी तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी परीक्षेला बसणार होती, तर बाईने आपणहून मंडळाला कळवून नाव मागे घेतलं, आणि बहिणीला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. मी स्वतः पस्तीस वर्षं टपाल कचेरीत काढली. लाख कशी वितळवावी, मोहर कशी उठवावी, हे तिने माझ्याकडूनच शिकून घेतलं, "सहज, माहिती म्हणून". पण तो लखोटा तिने एकदाही टपालाने पाठवला नाही. हातात धरून न्यायची आणि हातात द्यायची. माझ्या खात्याचा याहून मोठा अपमान कोणी केला नसेल.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. मंडळाने आणखी एका वर्षासाठी तिला विचारलं, पण आता हाताने लिहिलेला पेपर नको, टाईप करून पेनड्राइव्हवर द्या, म्हणून कळवलं. घरातला जुना संगणक आचके देत होता. मी नवा लॅपटॉप आणला. पातळ, चकचकीत, उघडला की पडदा असा उजळायचा की बाई म्हणाली, "याच्यापुढे मी म्हातारी दिसते." तिला अक्षरं हरभऱ्याएवढी मोठी लागतात, ती करून दिली. मग तिने विचारलं, पाच मिनिटं हात लावला नाही की हा झोपतो कसा? तिला विचार करायला वेळ लागतो. मी मोठ्या ऐटीत आत शिरलो आणि पडदा कधीच बंद होऊ नये अशी व्यवस्था करून दिली. नवऱ्याने केलेलं काम म्हणून तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. असं ती वर्षातून एकदा बघते.

आता तिची एक पद्धत सांगितली पाहिजे, मलाही ती पुढे कळली, कारण घात त्या पद्धतीनेच केला. पेपर पुरा झाला की बाई तो लगेच बंद करत नसे. शेवटचं पान, मोठ्या प्रश्नांचं, ज्यावर निम्मे गुण असतात, ते ती कपाटाच्या दाराला आतून टाचणीने लावायची आणि एक अख्खा दिवस, एक रात्र तसंच ठेवायची. येता जाता दार उघडून बघायची. पुन्हा पुन्हा परक्या नजरेने पाहिलं की प्रश्नातली खोट दिसते, असं तिचं म्हणणं. "पेपर मुरू द्यावा लागतो," असं मी तिला एकदा दाराआडून स्वतःशी पुटपुटताना ऐकलं होतं. या वर्षी कागद नव्हता, म्हणून तिने तेच पान लॅपटॉपच्या पडद्यावर लावून ठेवलं. खोलीला कुलूप घातलं. पडदा दिवसभर जळत राहिला, रात्रभर जळत राहिला. तो कधी बंद होऊ नये याची व्यवस्था मी केलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉपमधलं पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं, लखोट्याला लाख लावली आणि दहा वाजता निघाली. जाताना म्हणाली, "लॅपटॉप आता तुमचा. वह्या झाल्या तपासून."

ती गेली आणि दहाच मिनिटांत भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या सिस्टरबाईंची मुलगी. तिची आई रुग्णालयात पाळ्या करते, त्यामुळे पोरगी निम्मी आमच्याकडेच वाढली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव मीच पाडलं. यंदा तिची ती शेवटची परीक्षा, सहा आठवड्यांवर आलेली. तिला यंत्रं बनवायच्या कॉलेजात जायचं होतं, आणि तिथे भौतिकशास्त्राचे गुण बघतात. बाई शिकवणी घेत नसे, पेपर काढणाऱ्याने घेऊ नये असा नियम. पण शंका विचारायला भिंगरी जिना उतरून यायची, आणि शंकेला बाई कधी नाही म्हणाली नाही. आमचा मुलगा दूरदेशी गेल्यापासून या घरात आवाज असा तिचाच.

"काका, वसतिगृहाचा अर्ज भरायचाय, आज शेवटचा दिवस, आईचा फोन आईकडे, मी मेले!" असं सगळं एका श्वासात म्हणत ती आत आली. मी तिला लॅपटॉपसमोर बसवलं आणि चहा टाकायला गेलो. अर्जाचं पान उघडायला फार वेळ लागत होता, राखाडी पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं, एवढं मी जाता जाता पाहिलं. चहा घेऊन आलो तेव्हा पोरगी उठून उभी होती. "झाला अर्ज. जाते काका." मी म्हटलं, अगं चहा? तर ती जिन्यावर पोचलीसुद्धा. एक शब्द जास्त नाही. भिंगरी आणि एक शब्द जास्त नाही, इथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी तिच्या वाटचा चहाही पिऊन टाकला.

मग मी वर्तमानपत्र वाचायला लॅपटॉपसमोर बसलो. अर्जाचं राखाडी पान तसंच उघडं होतं. त्यात मला काहीतरी दिसलं. काहीतरी म्हणजे, पाटीवर लिहून ओल्या फडक्याने पुसलं की खाली जे राहतं, तसं. मला वाटलं, डोळे. चष्मा लावायचा मला कंटाळा आहे, त्यावरून घरात रोज खटके उडतात. मी उठून चष्मा आणला. आणि चष्मा लावल्यावर ते जाण्याऐवजी स्पष्ट झालं.

'प्रश्न पाचवा. खालीलपैकी कोणतेही तीन सोडवा.'

मी रुमालाने पडदा पुसला. अक्षरं हलली नाहीत. मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली, दुसरी उघडली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. कंपनीचं चित्र आलं, गेलं, आणि राखाडी रंग आला तशी त्यातून ती अक्षरं हळूच वर आली.  पुढची ओळ मी वाचली, वाचायची नव्हती तरी वाचली. 'एक सेवानिवृत्त गृहस्थ वर्तमानपत्र डोळ्यांपासून ६२ सेंटिमीटर अंतरावर धरून वाचतात...'

महिनाभरापूर्वी बाईने शिवणकामाची टेप आणून माझ्या नाकापासून वर्तमानपत्रापर्यंतचं अंतर मोजलं होतं. मला वाटलं होतं, निवृत्तीने हिच्या डोक्यावर परिणाम झाला. ते गृहस्थ मी होतो. मी लॅपटॉप फाडकन मिटला आणि त्यावर उशी ठेवली. उशी का ठेवली ते मला अजून सांगता येणार नाही.

बाई एक वाजता परत आली. मोकळी झालेली, वाटेत फुलं घेऊन आलेली. मी म्हटलं, "लॅपटॉपमध्ये काहीतरी राहिलंय." ती म्हणाली, "मी सगळं पुसलंय." मी म्हटलं, "तू पुसलंयस. त्याने ठेवलंय."

तिने उशी काढली, झाकण उघडलं, आणि बघितलं. मी सदतीस वर्षं या बाईसोबत राहतोय. तिचे वडील गेले तेव्हाही ती उभी होती. त्या दुपारी ती खुर्चीवर बसायला गेली ती खुर्चीवर पोचलीच नाही, खाली फरशीवर बसली. फुलं हातातच.  आणि तोंडातून पहिलं वाक्य काय, तर, "तुम्ही भिंतीकडे तोंड करा."

मी केलं. साठी उलटलेला माणूस, शाळेतल्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा.

"किती वाचलंत?"

"दोन ओळी."

"विसरा."

"विसरतो. पण तो माणूस मी आहे ना?"

 मग माझ्या पाठीमागून, अगदी बारीक आवाजात, तिने विचारलं, "माझ्या मागे इथे कोण बसलं होतं?"

मी भिंतीलाच सांगितलं. भिंगरी. वीस मिनिटं.

मग मी न विचारता वळलो. बाईने दोन्ही हातांनी पदर तोंडात धरला होता. ती रडत नव्हती. डोळे नुसते उघडे होते.

माझा धाकटा भाऊ संगणकाच्या दुकानात दुरुस्ती करतो. बाईने त्याला फोन लावला. लॅपटॉप दुकानात न्यायचा नाही, त्याने घरी यायचं नाही, फोनवरच सांगायचं, अशी तिची अट.

"वहिनी, काय दिसतंय नक्की?"

"ते सांगता येणार नाही, भावजी."

"बरं, चित्र आहे की अक्षरं?"

"तेही सांगता येणार नाही."

"अहो, डॉक्टरला दुखतं कुठे ते तरी सांगाल की नाही?"

एरवी मी हसून लोळलो असतो. शेवटी त्याने आपल्याच अंदाजाने सांगितलं. एकच पान फार वेळ लावून ठेवलं असेल. काही पडद्यांना ती खोड असते, नव्यांनासुद्धा. चित्राचा छाप मागे राहतो. पांढरा रंग लावून ठेवा, नाहीतर हलती चित्रं लावा, तासात जाईल, फार तर दिवसात. "त्यात काही साठलेलं नसतं वहिनी, नुसती सावली असते. घाबरू नका."

आम्ही पांढरा रंग लावून त्यावर चादर पांघरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईने चादरीत डोकं घालून पाहिलं. पडदा कोरा करकरीत. सावलीचा मागमूस नाही. मी म्हटलं, "सुटलो! गंगेत घोडं न्हालं."

"पडद्यावरचं गेलं," ती म्हणाली. "तिच्या डोक्यातलं जाईल का?"

आणि इथेच सगळं अडलं. भिंगरीने पाहिलं की नाही, हे विचारायचं कसं? 'काल पडद्यावर काही दिसलं का गं?' असं विचारलं की झालं, न पाहणाऱ्या पोरीलाही कळलं की तिथे बघण्यासारखं काहीतरी होतं. न विचारावं तर बाईच्या जिवाला घोर. इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं, "अगं, पोरगी अर्ज भरत होती, तिचं लक्ष कशाला जाईल?" बाई म्हणाली, "चक्र फिरत असताना माणूस बघतो कुठे? पडद्याकडेच ना?"  तिच्या शास्त्रात ती मला कधीच जिंकू देत नाही.

तीन दिवस भिंगरी खाली आली नाही. चौथ्या दिवशी आली, वही घेऊन. पहिली शंका ध्वनीवरची. त्यावर पेपरात काही नसावं, कारण बाईच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं मला स्वयंपाकघरातून दिसलं. दुसरी शंका उष्णतेवरची. बाईचा आवाज मोकळा झाला. मी आत निःश्वास सोडला, इतका मोठा की कप हिंदकळला.

मग भिंगरीने वहीचं पान उलटलं. "बाई, समजा एखाद्याला जवळचं दिसत नाही. आणि तो पेपर बासष्ट सेंटिमीटरवर धरून वाचतो. तर त्याला भिंग कितीचं लागेल?"

"कुठल्या पुस्तकात आहे हा?" बाईने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"पुस्तकात नाही. असंच. काकांना बघून सुचलं." आणि पोरगी हसली. खोडकर नव्हे. मला ते हसू तेव्हा कळलं नाही. लहान मूल आपल्याला गुपचूप दिलेला खाऊ मुठीत धरून हसतं ना, तसं ते होतं.

बाईने तिला गणित समजावून दिलं. पुस्तकातलं असतं तर जसं दिलं असतं तसंच, पायरी पायरीने, शेवटी एकक लिहायला लावून. मुलगी वर गेल्यावर बाई म्हणाली, "बासष्ट. साठ म्हणाली असती तर मी वाचले असते."

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळाच्या कचेरीत गेलो. मला तिने पहिल्यांदाच सोबत नेलं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत कपाटं, आणि शेवटी एक लहानशी खोली. तिथला अधिकारी तिचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने उठून खुर्ची दिली. बाईने उभ्यानेच सगळं सांगितलं, लॅपटॉप, शेवटचं पान, सावली, बासष्ट. ऐकता ऐकता त्याच्या हातातलं पेन टेबलावर पडलं आणि घरंगळत खाली गेलं, त्याने उचललं नाही.

"बाई," तो म्हणाला, "हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं मी समजतो. तीन संच आहेत. तुमचाच निघेल कशावरून? एका मुलीने एक पान पाहिलं, तेही पाहिलं असेल तर. बावीस वर्षं तुमच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. झाकली मूठ राहू दे."

"लिहून घ्या," बाई म्हणाली.

"नाव यादीतून जाईल. नुसतं जाणार नाही, शेरा लागेल."

"लिहून घ्या."

"मुलीचं नाव?"

"ते देणार नाही. तिने काही चोरलं नाही. माझ्या घरात, माझ्या पडद्यावर, तिच्या डोळ्यांपुढे आलं. डोळे मिटून अर्ज भरायचा होता का तिने?"

"नात्यातली आहे?"

 "नाही," ती म्हणाली. एवढं एक उत्तर द्यायला तिला वेळ लागला.

त्याने लिहून घेतलं. तिचा संच त्याच दिवशी रद्द झाला. आणि मग त्याने एक कागद पुढे केला. कोणता संच रद्द झाला, का झाला, झाला की नाही, यातलं अवाक्षर परीक्षा होईपर्यंत कोणालाही सांगणार नाही, अशी सही. माझीही घेतली. बोळातून परत येताना बाई अर्ध्यात थांबली आणि भिंतीला हात लावून म्हणाली, "अहो, आता तिला कसं सांगायचं?"

तोवर माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. एक पोरगी येणारच नाही असा पेपर उराशी धरून अभ्यास करणार होती, आणि तो येणार नाही हे जगात ज्या तिघांना माहीत होतं त्यातले दोघे तिच्या खालच्या मजल्यावर राहत होते, तोंडाला कुलूप लावून.

पाच आठवडे. माझा स्वभाव तापट आहे, मी रोज भांडलो. "सांगून टाक! कागदावरच्या सहीपेक्षा पोर मोठी आहे."

"आणि काय सांगू? तू पाहिलास तो पेपर माझा होता आणि आता तो येणार नाही? म्हणजे मी तोंडाने पेपर सांगितला. मग इतकी वर्षं कशाला कागद भिजवले?"

"मग तिचं नुकसान झालेलं चालेल?"

"चालणार नाही. म्हणून तर रोज सांगतेय तिला."

आणि खरंच ती रोज सांगायची. "सगळं वाच गं भिंगरे. प्रकाश झाला, आता वीज घे. चुंबक घे. कुठलाही धडा सोडू नकोस." भिंगरी मान डोलवायची. "हो बाई." पुन्हा तेच हसू. बाईने तिला सगळ्या धड्यांवरची चाचणी काढून दिली, तिने निम्मी कोरी परत आणली. "वीज नंतर करते, बाई." संध्याकाळी ती गच्चीत दोरीवरच्या उड्या मारायची. तिची आई कौतुकाने सांगायची, यंदा पोरीला अजिबात ताण नाही, रात्री नऊला झोपते. ते ऐकून बाई अर्ध्या ताटावरून उठायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

मी एकदा सही मोडायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. जिन्यात तिला गाठून म्हटलं, "बाई सांगते ते ऐक. सगळं वाच. कशाचाही भरवसा धरू नकोस."

ती दोन पायऱ्या वर थांबली, वाकून माझ्याकडे पाहिलं आणि कुजबुजली, "काका, तुम्हीपण छान करता." आणि पळाली. काय छान करतो, ते मला कळलं नाही. मी आपला गालावर हात ठेवून उभा राहिलो.

परीक्षेच्या दिवशी दुपारी दीडला पेपर सुटला. दोन वाजता दार वाजलं. भिंगरी वर आपल्या घरी न जाता थेट आमच्याकडे आली होती. गळ्यात ओळखपत्र तसंच. हातात प्रश्नपत्रिका, घामाने मऊ झालेली. ती आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "पेपर तुमचा नव्हता."

मला वाटलं, घराचं छप्पर माझ्या अंगावर आलं. बाई डाळ निवडत होती. तिचा हात ताटात होता तिथेच राहिला.

"नव्हता," बाई म्हणाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने याबद्दल घराबाहेरच्या आणि मंडळाबाहेरच्या कोणाला तरी एक शब्द सांगितला.

"वीज होती सगळी. वीज आणि चुंबक. मी अठरा गुणांचं सोडवलं. सत्तरपैकी." तिने ते अगदी सरळ आवाजात सांगितलं, दुसऱ्याच कोणाचं सांगावं तसं. "तो येणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी पाहिलं होतं, तेही?"

"हो."

"कधीपासून?"

"बासष्टपासून."

भिंगरीने मान हलवली. गणिताची एक पायरी कळल्यावर हलवायची तशी. मग माझा तोल सुटला. "अगं पण ही तुला रोज सांगत होती ना! कानीकपाळी ओरडत होती, सगळं वाच म्हणून! का नाही ऐकलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला तसं म्हणावंच लागतं." ती माझ्याकडे नव्हे, बाईकडे बघत होती. "तुम्ही बाई आहात, म्हणून. वरवर म्हणताय असं वाटलं मला. मी कोणाला सांगितलं नाही. आईलापण नाही. मैत्रिणींना नाही. एकदा वहीत लिहिलं होतं, तर ते पान बादलीत भिजवून टाकलं."

बाईने ताट बाजूला केलं. "वरवर म्हणजे?"

"म्हणजे..." इथे तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मला वाटलं, तुम्ही ते पडद्यावर माझ्यासाठी ठेवलंत. मुद्दाम. मी येणार होते ना त्या दिवशी, आदल्या दिवशीच तुम्हाला जिन्यात सांगितलं होतं, अर्ज भरायला येते म्हणून. मला वाटलं, तोंडाने सांगता येत नाही, म्हणून असं ठेवलंत."

मी बाईकडे पाहिलं. ज्या बाईने सख्ख्या बहिणीपासून लपवलं, नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, तिच्याबद्दल ही पोरगी सहा आठवडे असं समजून जगली. यापेक्षा मोठा आळ बाईवर कोणी घेतला नसता. मला वाटलं, आता ती उठेल, आता कडाडेल.

"तुला माझ्याबद्दल असं वाटलं?" बाईने विचारलं.

"हो," भिंगरी म्हणाली. "मला खूप बरं वाटलं होतं, बाई."

बाईने तोंड उघडलं. कुठल्याही पोराच्या कुठल्याही चुकीवर तिच्याकडे उत्तर तयार असतं, वर्गात तिने कधी कोणाला वाट बघायला लावलं नाही. ती तशीच बसली होती, डाळीचे हात मांडीवर ठेवून, आणि पोरगी उंबऱ्यात उभी राहून उत्तराची वाट बघत होती.